सुपाऱ्यांवरचा स्टिरिओ

१ जानेवारी १९९५, रविवार. सांगली.
नवीन वही. संकल्प तीन. रोज लिहायचं. चिडायचं नाही. यंदा आवाज परिपूर्ण करायचा (माझा नव्हे, स्टिरिओचा).
टेस्टिंगला कॅसेट चारूचीच. गेल्या वर्षी महिला मंडळात तिनं पेटीवर भजन गायलं, ते मी स्वतः रेकॉर्ड केलं. आतापर्यंत तीनशे वेळा तरी ऐकलं असेल. बायकोवर एवढं प्रेम करणारा नवरा अख्ख्या विश्रामबागेत दाखवा! चारूला त्याचं काही नाही. म्हणते, अहो, मी रोज स्वयंपाकघरात गातेच की, तिथं येऊन ऐका. आता हिला कसं सांगू, स्वयंपाकघरात स्टिरिओ इफेक्ट येत नाही.

३ जानेवारी, सकाळी ७.
ऑफिसातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं. स्पीकर सपाट ठेवू नये, तीन टोकांवर ठेवावा. परदेशात यासाठी पितळी खिळे मिळतात. आपल्याकडे पूजेच्या डब्यात सुपाऱ्या मिळतात. प्रत्येक स्पीकरखाली तीन. बास, म्हणजे खालचा जाड आवाज, एकदम घट्ट!

४ ते १४ जानेवारी.
लिहिलं नाही. ऐकत होतो.

१५ जानेवारी, रविवार.
काल संक्रांतीचं हळदीकुंकू. पुढच्या खोलीत बावीस बायका. एकीनं तिळगुळाची वाटी डाव्या स्पीकरवर ठेवली. मी चिडलो नाही, फक्त आतल्या खोलीत जाऊन बसलो. आज शांतपणे कॅसेट लावली आणि थक्क झालो. बास आणखी घट्ट! सुपाऱ्या मुरल्या. अशा गोष्टींना दहा-बारा दिवस लागतातच. लोकांना धीर नसतो.

१७ जानेवारी.
धक्का. केर काढताना कळलं की सुपाऱ्या शनिवारी सकाळीच चारूनं काढून घेतल्या होत्या. विड्याला कमी पडत होत्या म्हणे. मग रविवारी मी काय ऐकलं?
रात्री ९. उत्तर सापडलं. संस्कार! बारा दिवसांत लाकडाला वळण लागलं, आता सुपाऱ्या नसल्या तरी चालतं. हे चारूला सांगितलं. तिनं पुढची पोळी जरा जोरातच लाटायला घेतली.

२२ जानेवारी.
खरा दोष वायरीत आहे. स्पीकरची वायर दोऱ्यासारखी, त्यातून आवाज येणार कसा? आकारामकडे गेलो. तो मूळचा माण तालुक्यातला, इथं टेप दुरुस्ती आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्याच्याकडे बोअरच्या पाणबुडी मोटारीची केबल होती, अंगठ्याएवढी जाड. म्हटलं, हीच दे. तो म्हणाला, आवं सायेब, ही बोरात सोडाय लागती, तुमचा स्पीकर पानी उपसतोय व्हय? मी हसून सोडून दिलं. अडाणी माणूस. वर म्हणतो, वायर ती वायर.

२९ जानेवारी.
केबल जोडली. क्लिपात मावेना, म्हणून क्लिप तोडली. आवाज? काय सांगू! डोळ्यांसमोरचा पडदा सरकला. चारू समोर बसून गातेय की काय असं वाटलं.
तेवढ्यात खरी चारू चहाचा ट्रे घेऊन आली आणि केबलला अडखळून पडली. मी तत्काळ धावलो आणि केबलला काही झालं का ते बघितलं. तिचा गुडघा थोडा खरचटलाय. केबल ठीक आहे.

८ फेब्रुवारी.
संकट. चारूच्या गाण्याच्या क्लासला आठ मुली येतात, स्वयंपाकघरात बसतात. फोडणी पडली की सगळ्या ठसकतात. आज तिनं स्पष्ट सांगितलं, मला पुढची खोली हवी, तुमचं ते धूड माळ्यावर टाका. धूड!
मी म्हणालो, ही खोली ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने तयार झाली आहे. ती म्हणाली, तुम्हाला त्या वायरीतला फरक कळतो हे सिद्ध करा, मी आयुष्यभर कांद्याच्या वासात शिकवीन. तिचा भाऊ निमिष साताऱ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यानं फोनवर नियम ठरवले. माझे डोळे बांधायचे. पाच फेऱ्या. जुनी वायर की केबल, ते ओळखायचं. पाचपैकी तीन बरोबर आले तर खोली माझी. नाही तर क्लासची.
तीन? मी पाच ओळखीन. बिचारी चारू.

१९ फेब्रुवारी.
तयारी. कानाला आराम म्हणून आठवडाभर कापूस घालून फिरतोय. साहेबांनी दोनदा हाक मारली, ऐकू आली नाही. मेमो मिळाला. कलेला किंमत द्यावी लागते.

२६ फेब्रुवारी, रविवार, रात्री.
लिहायची इच्छा नाही. संकल्प आहे म्हणून लिहितो.
निमिष सकाळच्या एस.टी.नं आला. आकाराम वायरी बदलायला. चारूच्या शालीनं माझे डोळे बांधले. पहिली फेरी, केबल म्हणालो, बरोबर! दुसरी चूक (शाल टोचत होती). तिसरी बरोबर. चौथी चूक (निमिष खोकला). दोन-दोन. सगळं पाचवीवर आलं.
मग बराच वेळ नुसती खुडबुड, कुजबुज. दाजी, जरा थांबा, असं निमिष म्हणाला. मी म्हणालो, मला घाबरवू नका, चालू करा. आणि गाणं सुरू झालं.
पहिल्या ओळीतच ओळखलं. हात वर करून निकाल दिला. म्हणालो, ही जुनी वायर! आवाज कोरडा आहे. ती मागची मंद सूं सूं आहे ना, ती हवा, तीच गायब. पेटी भलतीकडून येते. आणि बाई अंतऱ्यात दमल्यासारखी वाटते. थोडक्यात, जीव नाही. केबलवर हीच बाई किती जिवंत वाटते!
गाणं थांबलं. मग आकाराम हळूच म्हणाला, सायेब, लाईट गेल्या कवाच.
शाल काढली. पंखा बंद. स्टिरिओचा लाल दिवा बंद. समोर चारू, पेटीच्या भात्यावर हात तसाच. लाईट गेली, फेरी अडली, म्हणून वेळ जावा एवढ्यासाठी ती गायला बसली होती.
निमिष हसायला लागला आणि तिचं तोंड बघून गप्प झाला. तिनं विचारलं, अंतऱ्यात कुठं दमले? मी अंतरा ऐकलाच नव्हता, मी वायर ऐकत होतो. एवढी लाज मला मेमो मिळाला तेव्हाही वाटली नव्हती.

२७ फेब्रुवारी.
स्टिरिओ माळ्यावर. आकारामनं मदत केली. केबल त्यानं अगदी जपून गुंडाळली, हे जास्त लागलं.
खरं म्हणजे ती फेरी रद्द धरायला हवी होती. लाईट नसताना टेस्ट होतेच कशी? नियमात हे नव्हतं. निमिषला पत्र लिहायला घेतलं. फाडलं.

२ मार्च, गुरुवार.
पुढच्या खोलीत क्लास सुरू. मी दाराशी जाऊन विचारलं, बसू का? चारू म्हणाली, गुरुवारी बसा, सुरुवातीच्या वर्गात. मुलींनी सरकून जागा दिली.
आज फक्त सा ओळखायचा होता. तिनं पेटीवर सूर वाजवला, मी छातीठोकपणे सा म्हणालो, तो प निघाला. दुसऱ्यांदाही मी सा म्हणालो, पुन्हा प निघाला. तिसऱ्यांदा मी आपणहून प म्हणालो, तर तो सा होता.
चारूनं सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या गुरुवारी घरून सराव करून या. मी म्हणालो, अगं, मी घरीच आहे. मुली किती तरी वेळ हसत होत्या.