रुक्मिणबाईची बेल

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज रुक्मिणबाईनं बेल वाजवली तेव्हा दार उघडलं, नेहमीसारखंच. पाच वर्षं ती आमच्याकडं धुणीभांडी करते, रोज बेल वाजवून बाहेर थांबते. आज फरशी पुसता पुसता म्हणाली, "मॅडम, घरकुलाच्या यादीतून माझं नाव कटलं. साहेब म्हणला, तुझ्या नावावर लातुरात फ्लॅट हाय. कुठं हाय ओ तो?"

ह्याच फरशीवर बसून विचारत होती!

कायद्यानं गरिबांसाठी राखलेला हा फ्लॅट आम्हा दोघा पगारदारांना मिळत नव्हता, म्हणून तिच्या नावावर घेतला. "साक्षीदार म्हणून अंगठा लागतो" असं सांगून तिला रजिस्ट्री ऑफिसात नेलं कुणी? ह्यांनी नाही, मी. वर शाळेत नागरिकशास्त्र मीच शिकवते. थू!

आणि मी काय म्हणाले? "चूक झाली असेल त्यांची. बघते मी."

तिचं तोंड केवढं उजळलं. "तुमच्याशिवाय कोण हाय ओ मला?" जाताना दारावरची आमच्या नावाची पाटी पदरानं पुसून गेली.

उद्या सकाळी परत बेल वाजवेल. स्वतःच्याच घराची.