तिसऱ्यांदा घासलेला नमुना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

—इंद्रजित साहेबांनी तात्यांचा नमुना तिसऱ्यांदा परत केला. "तात्या, हात चालत नाही तुमचा आता!" सगळ्या लॅबसमोर म्हणाले.

सर्जेराव तात्या बावीस वर्षं पोलादाचे तुकडे घासून आरशासारखे करतात. मायक्रोस्कोपमधून ते बघायचं काम माझं. तिन्ही वेळा काळे ठिपके दिसले. एका रांगेत, सळई लाटली त्या दिशेनं.

"म्याडम, पॉलिशचा डाग आसा लायनीत येत न्हाय," ते हळूच म्हणाले. "घाण आतलीच हाय."

आतलीच. पोलाद ओतताना राहिलेली; पुढं तडा जातो तो अशाच जागी. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. पण शनिवारी याच मालाच्या कच्च्या रिपोर्टात मी 'स्वच्छ' लिहून दिलंय. अर्धाच नमुना बघून! इंदापूरची बस चुकू नये म्हणून.

४ फेब्रुवारी

नियम असा की सगळ्यात वाईट जागा शोधायची आणि तिथल्या घाणीचा आकडा लिहायचा. मी सगळ्यात चांगली जागा शोधली. नमुना सरकवत राहिले. सापडली. पक्क्या रिपोर्टवर सही केली.

५ फेब्रुवारी

तात्या उशिरा आले. डोळे तपासून. "डाक्टर म्हनतोय डोळं बरं हायती. मग हातच गेला आसंल." स्वतःच साहेबांकडे गेले — "मला लॅबमधनं काढा."

इंद्रजित साहेब म्हणाले, "गेटवर बसा तात्या. खुर्ची आहे, फॅन आहे, पेपर वाचा निवांत!" सगळे हसले.

मीही.

जाताना त्यांनी पॉलिशचं कापड धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं. "नव्या मानसाला सांगा, लई दाबायचं न्हाय."

६ फेब्रुवारी

काटेवाडीपर्यंत बस उसाच्या ट्रॉलीमागून चालली. वर चार बायका बसलेल्या. अशाच ट्रॉल्यांच्या एक्सलला जातो आमचा माल. मी खिडकीतून दुसरीकडं बघत राहिले.

जेवताना आईला सांगायला तोंड उघडलं.

"काय गं?"

"मीठ दे."

ठरवलं. उद्या मालाची गाडी भरायच्या आत साहेबांना सांगायचं. तात्यांना बोलावून, त्यांच्यासमोर.

७ फेब्रुवारी

पहिल्या बसनं गेले. गाडी सहालाच गेली होती.

गेटवर तात्यांनी आपणहून सांगितलं. "ड्रायव्हर रिपोर्ट दावत हुता. म्हनलं, ऱ्हाऊ दे, म्याडमनी बघितलंय. जा बिनघोर."

मी "बरं" म्हणाले.