सुतकातला माठ

आई, परसातली नीळ यंदाही उगवली. कावेरीला पाणी उशिरा सुटलं, कालवा कोरडा ठणठणीत, शेजाऱ्यांची भाताची रोपं करपली, आणि ही बया वाळूत हिरवीगार उभी! तू म्हणायचीस, "हिला पाणी नको, माणूस हवं." तू गेल्यावर इतकी वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही, तरी आपलं बी आपणच सांडून ती उगवत राहिली.

माणूस हवं होतं ते माठाला. न्हाणीघरामागचा, कापड रंगवायला नीळ आंबवायचा तो माठ आजीनं लावलेला, म्हणून तू त्याला सासूबाईच म्हणायचीस. रोज सकाळी झाकण काढायचं, वास घ्यायचा, टाकळ्याचं बी उकडून त्याचं पाणी नि चिमूटभर चुना घालायचा, हलक्या हातानं ढवळायचं. हे चुकलं की माठ मरतो. मी नाक दाबून पळाले की तू ओरडायचीस, "अय्यो, पळतेस कुठे? आधी सासूबाईंचं पोट, मग तुझं!" मला खरंच राग यायचा त्या माठाचा.

सुतकात घरच्या कुणी माठाला हात लावायचा नाही, हा नियमही तुझाच. बाबा गेले तेव्हा शेजारच्या मामी येऊन त्याला खाऊ घालून जायच्या. तू गेलीस तेव्हा त्या लेकीकडे पापनाशमला राहायला गेल्या होत्या. मी माठासमोरून जा-ये करतेय, वास बदलत चाललाय, आणि मला तो कळतोय गं. दादाला विचारलं, घालू का थोडं? तो म्हणाला, "आईनं घातलं असतं का?" मी झाकण उघडलं नाही. सुतक फिटल्यावर झाकण काढलं, तर आत नुसता काळा, सडका चिखल. तुझ्यासाठी आलं नव्हतं इतकं रडू मला तेव्हा आलं.

माठ तसाच पालथा पडून होता. यंदा तो धुतला, नीळ कापली, भिजवली, नव्यानं लावला. परवा कापडाचा धडपा बुडवून बाहेर काढला, तो आधी हिरवा दिसला आणि वाऱ्यावर निळा होत गेला. दादा तो हातात धरून नुसता बसून राहिला.

हे सगळं तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? या माठाला सासूबाई म्हणायला माझी जीभ वळत नाही. घरात कुणाला माहीत नाही, पण रोज सकाळी झाकण उचलून मी हळूच विचारते, "आई, भूक लागली का?"