निळी कुंची

५ जानेवारी
अंजूरवरून आज वळ गावी आले, नातवाच्या नव्या घरी. नातसून मेघालीचे दिवस भरत आलेत. मी पणजी होणार! दीपेशने रिक्षातून उतरवायला हात पुढे केला, तो झटकून टाकला. माझे गुडघे त्याच्यापेक्षा धड हायत. मेघालीने ही डायरी दिली. म्हणाली, आजी, तुम्ही एवढं बोलता, थोडं लिहा पण, आमच्या कानांना तेवढाच आराम. पोरगी चुरचुरीत हाय, मला पटली. मी चौथी शिकले, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नये.

घराला लागून आमचं गोडाऊन हाय. आधी त्यात कुणाकुणाचे फ्रिज न् पंखे भरलेले असायचे. आता दीपेश आणि त्याचा दोस्त मितेश तिथं जंतू पाळतात. बापजाद्यांनी बैल पाळले, म्हशी पाळल्या, आणि ह्याने इतकं शिकून काय पाळलं तर जंतू. विहीणबाईंना काय सांगायचं?

७ जानेवारी
आज मितेशने मला आत नेऊन सगळं दाखवलं. चष्मा नाकावर, डोक्याला जाळी, काचेच्या टाकीपुढे असा उभा की जशी सत्यनारायणाची पूजा मांडलीय. टाकीत साखरेचं पाणी, त्यात ते जंतू. निळा दिवा लावला की ते निळा रंग बनवायला लागतात, अंधार केला की थांबतात. कापडाला लावायचा रंग. मितेश म्हणाला, त्यांच्या पोटात हुकूम लिहून ठेवलाय, उजेड म्हंजे तो हुकूम चालू करायचं बटण. मी विचारलं, मग वाचतात कसा? तो हसला, म्हणाला, आजी, त्यांना वाचता येत न्हाय. घ्या! माझ्यापेक्षा अडाणी, आणि त्यांना एसी.

लाईट आली की कामाला लागायचं, गेली की हात वर करायचे, हे भिवंडीत निजामपुऱ्यातले पॉवरलूमवाले जन्मभर करतात. त्यांना कोणी सायन्स म्हणत न्हाय.

वापरलेलं पाणी उकळून, जंतू मारून मगच फेकतात. मितेशने हात लावू नका म्हणून बजावलं. बाहेर पडले तर साखरेवाचून ते मरतातच म्हणे, तरी नियम हाय. ह्यांचे नियम! जेवायच्या आधी हात धुवायचा नियम मात्र दोघांना ठाऊक न्हाय.

११ जानेवारी
आमच्यात बाळाला पहिलं कापड नवं घालत न्हाईत. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या लुगड्याची कुंची शिवायची, म्हंजे तिचं आयुष्य पोराला लागतं. मेघालीने दुकानातून गुलाबी टोप्या आणल्यात, मेणाच्या बाहुलीला घालाव्यात तशा. त्या मी कपाटावर टाकल्या.

माझं लुगडं धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. पांढरी कुंची बरी दिसत न्हाय. मितेश फोनवर कुणाला तरी इंग्रजीत मस्का मारत होता, तेवढ्यात, दिवा दाखवायच्या आधी जंतू ज्या अंधाऱ्या पिंपात ठेवतात, त्यातून तांब्याभर पाणी काढलं. उकळलेलं कशाला घ्या, मेलेला रंग काय टिकणार? कापड बुडवलं तर काय, ताकाची निवळ! रंगाचा पत्ता न्हाय. एवढ्यासाठी ह्यांनी गोडाऊन अडवलं.

मग दोरीवर वाळत घातलं. चहा पिऊन येते तो ऊन लागून कापड निळंशार, मोराच्या मानेसारखं! मी एकटीच हसले. एवढे महागडे दिवे लावून बसलेत, आणि सूर्य बाहेर फुकट उभा हाय. साबणाने धुतलं, रंग गेला न्हाय.

१६ जानेवारी
पोरगी झाली! काल दुपारी. नाक दीपेशचं, आवाज माझा. भिवंडीच्या दवाखान्यातून उद्या घरी येणार. कुंची शिवून तयार हाय. शिवताना सुई बोटात पार घुसली, दुखलं न्हाय. आनंदात कळलं नसेल.

१८ जानेवारी
बाळंतिणीच्या खोलीला मी जाड पडदे लावले, दिवसाही अंधार. मेघाली म्हणते, गोडाऊन केलंत हो आजी. पोरीला कुंची घातली, राणी दिसते.

माझ्या बोटांची टोकं मात्र निळी झालीत. लिंबू लावलं, राख लावली. जात न्हाय. ओट्यावर उन्हात तांदूळ निवडायला बसले की वर चढतं, आत आले की थांबतं. निळं झालं तिथं काही लागत न्हाय. खळ घातलेल्या कापडासारखं कडक.

१९ जानेवारी
मितेशला हात दाखवला. आधी हसला, मग हसायचा थांबला. विचारलं, आजी, तुम्हाला शुगर हाय का? हाय की, धाकटी लेक कमळा झाली तेव्हापासून. तो म्हणाला, उन्हात जाऊ नका, आणि फोन घेऊन बाहेर पळाला. एवढं शिकून हेच. पळायला.

साखरेवाचून मरतात म्हणाला होता. माझ्या रक्तातच साखर हाय.

आणि कुंची —

कुंची चुलीत घातली. पोरीचं कपाळ चाचपलं. मऊ हाय, गोरं हाय. खोलीत अंधार हाय तोवर —

मेघालीला म्हटलं, पडदा उघडायचा न्हाय. ती म्हणाली, आजी, दृष्ट कुणाची लागतेय, तुमचीच ना?

२० जानेवारी, सकाळ
पोर पिवळी दिसते. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाला, कावीळ, पुष्कळ बाळांना होते, दिव्याखाली ठेवू. मी विचारलं, कसला दिवा?

निळा.

डॉक्टरला सगळं सांगितलं. लुगडं, तांब्या, सगळं. दीपेश म्हणाला, आजी, लोकांत असलं बोलू नको. डॉक्टरला हात दाखवला. तो म्हणाला, रंग लागलाय, स्पिरिटने पुसा. शहाणा! माझ्या हाताला बोट लावून तरी बघायचं. मितेशचा फोन बंद.

दुपार
काचेच्या पेटीत ठेवली. डोळ्यांवर पट्टी. वरून तो निळा —

कपाळावर रेघ आली. जिथं कुंचीची कड बसायची, बरोबर तिथं. नर्स म्हणते, सावली हाय. सावली खाली सरकते का गं, भवाने?

डॉक्टरला बोलवायला ती गेली, तेवढ्यात मी आतून कडी घातली. बटण बंद केलं. पडदे ओढले. रेघ थांबली. भुवईच्या वर. थांबली.

पोर माझ्या मांडीवर हाय. अंदाजाने लिहिते. बोटं वळत न्हाईत, पेन मुठीत धरलंय.

दीपेश दार ठोकतोय. डॉक्टर ओरडतोय, कावीळ डोक्यात चढेल, पोर जाईल, आजी, उजेड हवा. तो खोटं बोलत न्हाय. मला कळतं. उजेड न्हाय तर कावीळ. उजेड दिला तर —

मितेशचा आवाज आला. आला एकदाचा! तो सांगतोय, दुसरा दिवा हाय, लाल, त्यात जंतू थांबतात — पण काविळीला तो चालत न्हाय म्हणतोय — आधी थांबवू, मग —

पोर रडायची थांबली. छाती हलते. हलते ना?

कडी तुटतेय. दीपेश, आधी बाहेरचा लाईट बंद कर, दार उघडलंस की सगळा उजेड आत, अरे आधी बाहेरचा —