सत्तेचाळीस क्रमांकाचा डबा

ओबरलाउखन, २३ एप्रिल २०१९

चि. वाल्बुर्गा हिस अ. उ. आ.,

तू गेर्लिंडला पाठवलेले पत्र तिने मला दाखवले. दादाच्या हातून डबा पडला व दहा आगगाड्या एकमेकींवर आदळल्या, असे तू लेकीला कळवतेस. डबा पडला नाही. गाड्या दहा नव्हत्या, चौदा होत्या. आणि तो अपघात नव्हता, ते माझे कर्तृत्व होते.

कॉर्बिनियनच्या घोषणांची जुनी टेप सापडल्यापासून एकच ध्यास होता: तुझ्या नवऱ्याने बावीस वर्षे ज्या फलाटावरून गाड्या सोडल्या, त्याच्या प्रतिकृतीवर तुला त्याचा आवाज ऐकवावा. त्यासाठी सारा हिवाळा मी वीतभर डब्यात चिप आणि बटणाएवढा स्पीकर बसवण्यात घालवला.

उरले होते फक्त डब्याला व इंजिनाला सत्तेचाळीस क्रमांक देणे, म्हणजे त्या क्रमांकावर धाडलेली आज्ञा तेवढेच दोघे पाळतील. हे काम बाजूच्या, मुख्य रुळापासून तोडलेल्या रुळावर करावे लागते; अन्यथा क्रमांक बदलण्याचा हुकूम मुख्य रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला लागू होतो. हा नियम आमच्या छोट्या आगगाड्यांच्या हौशी मंडळाच्या भिंतीवर लाल रेघेसह टांगलेला आहे. हस्ताक्षर माझे आहे.

मी काम मुख्य रुळावरच उरकले. चौदाही इंजिने सत्तेचाळीस झाली आणि मंडळाच्या खुल्या दिवशी, पाहुण्यांसमोर, मी खूण करताच शिट्ट्या फुंकत आज्ञाधारकपणे सुटली. त्या गदारोळात कॉर्बिनियन शांतपणे सर्वांना मागे सरकण्याची विनंती करत होता. आमचे अध्यक्ष गुंदोल्फ म्हणाले की, ओटमार, आता निदान तो भिंतीवरचा कागद तरी उतरव, बिचारा लाजतोय.

हे सारे मी सोसले. पण तू मधेच उठून गेलीस आणि सोळा दिवस तुझा फोन नाही. त्याचा आवाज मी खेळण्यात कोंबला, म्हणून रागावलीस काय?

आहे तो लोभ ठेव. वाढवण्याजोगे माझ्याकडून काही घडलेले नाही.

तुझा,
ओटमार

बाम्बर्ग, २९ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.,

गाड्या आपटल्या तेव्हा मी हसत होते रे! सगळं आयुष्य तू माझ्या पत्रांत चुका काढल्यास, त्याची एका मिनिटात भरपाई झाली.

उठले ते वेगळ्याच कारणाने. तो आवाज मला ओळखू येईना. शब्द त्याचे, पण बोलणारा कुणी गुळगुळीत परका. वाटलं, तो जाऊन पाचच वर्षं झाली, तेवढ्यात मी त्याला विसरले की काय! घाबरून बाहेर आले.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. माइक सुरू केला की तो आधी खोकायचा. आमचं घर फलाटाच्या वरच, अकरा चाळीसच्या गाडीचा खोकला ऐकू आला की मी बटाटे चढवायचे. दादा, तू तो खोकला साफ केलास ना? तुला मी ओळखते.

रागावले नाहीये. पण तो परत आण. नाहीतर तुझ्या डब्यात माझं कुणी नाही.

तुझीच,
वाल्बुर्गा

ओबरलाउखन, ८ मे

चि. वाल्बुर्गा हिस अ. उ. आ.,

होय. तीन दिवस कानाला यंत्र लावून खरखर, खाकरणे, खोकला सारे मी काढून टाकले, आणि कामगिरीवर खूश होऊन स्वतःला केकही दिला. एका माणसाला त्याच्याच आवाजातून इतक्या निगुतीने हद्दपार करणे सर्वांना जमत नाही.

सुदैवाने मूळ टेप मी टाकली नव्हती. चिपमध्ये जागा थोडी. खोकल्यासाठी डब्याची दारे बंद होण्याचा आवाज तिच्यातून पुसून टाकावा लागला. तो मी चार स्थानकांवर हिंडून टिपला होता. असो. दारे उघडी राहतील.

रुळांचे एक कडे घेऊन तुझ्याकडे येतो. एकच इंजिन आणीन. तुझ्या स्वयंपाकघराला धोका नाही. खसखशीचा केक केलास तर माझी पात्रता पाहू नकोस.

तुझ्या लोभास अजून टाके घालता येतील, या आशेवर,
ओटमार

ता. क. तारखा एकदाच्या सरळ करून ठेवतो.

मंडळाचा खुला दिवस: ७ एप्रिल, रविवार. गेर्लिंडच्या पत्रात तू ६ लिहिली आहेस.
टेपचे वर्ष: १९८४. डबीवरचे १९८६ चूक. ते मीच लिहिले होते.
खोकला काढला: १९ फेब्रुवारी. ती चूक तारखेची नव्हे.
खोकला परत बसवला: ६ मे.
तुझ्याकडे येणे: १२ मे, रविवार. अकरा चाळीसला बटाटे चढव. पण आधी खोकला ऐक.