रंगरावांना सांगितलेला चहा

चिंचवड,
१९ ऑक्टोबर १९५६

प्रिय सुमनताई,

नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग.

…तर सोमवारी मी ते सांगतच होतो आणि तुझी एसटी सुटली. खिडकीतून तू हातानेच 'पत्र लिही' अशी खूण केलीस. धंदा नीट चाललाय तर तोंड असं का, हेच तुला विचारायचं होतं ना?

आधी घरचं. आईचा गुडघा बरा आहे. इब्राहिमभाईंच्या सायकल दुकानावरच्या माझ्या खोलीला शेवटी बोर्ड लागला. वर इंग्रजीत, खाली मराठीत 'हिशेबनीस'. इब्राहिमभाई खालून बघून म्हणाले, "बोर्ड झकास आहे. आता याच्या मापाचं एखादं गिऱ्हाईकही आण."

गिऱ्हाईकं आहेत गं, पण हळूहळू येतात. विक्रीकरामुळे सगळ्यांना हिशेब नीट हवेत, पण वह्या परक्याच्या हातात द्यायची भीती वाटते. मी प्रत्येकाला डबल एंट्री समजावतो, कागदावर काढून दाखवतो. चाकणच्या हिंदुरावांनी, म्हणजे माझ्या त्या कांद्याच्या अडत्यांनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिशोब तुमाला येतो, दिसतंयच की. पन मानूस कसा हाय, ते कोन सांगनार?" मग त्यांनी चार ठिकाणी माझी चौकशी केली आणि नंतरच वह्या दिल्या.

त्यांची चहाची गंमत तुला दसऱ्याला सांगितली होती, आठवतं? एका बारदानवाल्याचं काम मला मिळत होतं. माणूस कसा आहे म्हणून हिंदुरावांना विचारलं, तर ते एकदम ओरडले, "अरं, चहा सांगा रं दोन!" आणि बैलांच्या बाजाराचं बोलायला लागले. मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा बैल. शेवटी हसून म्हणाले, "कळलं न्हाई व्हय? बाजारात कुनाला वाईट म्हनायचं नसतं. बरा असंल तर लगीच म्हनायचं, डोळे झाकून द्या. नसंल तर चहा सांगायचा." तू किती हसली होतीस.

ज्योतीरामही हसला होता. तू त्याला आधी सोनं दिलंस आणि मग मला. मी काही लक्ष ठेवून नव्हतो, पण समोरच घडलं म्हणून दिसलं.

त्याचंही बरं चाललंय. खूपच बरं चाललंय. आम्ही कॅम्पातल्या शाळेत एका बाकावर बसलो, कॉमर्सचा कोर्स एकत्र केला, धंदाही एकाच महिन्यात सुरू केला. मार्क मलाच जास्त होते, हे तो स्वतः सगळ्यांना सांगतो, आणि त्याचाही मला राग येतो. तो सायकलवरून निघोज्याला जातो, आधी कुणाच्या तरी आजारी म्हशीची चौकशी करतो, ओट्यावर बसून भाकरी खातो, आणि येताना त्याच्याकडे वह्याही असतात आणि पिशवीभर वांगीही. मी तासभर घसा कोरडा करतो तेव्हा 'इचार करून सांगतो' म्हणतात. असं काय आहे गं त्याच्यात? आईसुद्धा जेवताना म्हणते, "ज्योतीराम आला नाही दोन दिवसांत." मी रोज समोर बसलेला असतो!

आता मंगळवारचं. चिखलीचे वीटभट्टीवाले रंगराव आले होते. इकडे कारखाने आणि वसाहती उठताहेत, त्यामुळे त्यांची वीट थंड व्हायच्या आत उचलली जाते. त्यांचं काम मिळावं म्हणून मी दोनदा चिखलीला जाऊन आलो होतो. तेव्हा म्हणाले होते, "विंग्रजीत लिवता व्हय? मंग माझा तोटा बी विंग्रजीतच ऱ्हाईल." सगळी भट्टी हसली. आता ते स्वतःहून जिना चढून आले, मला वाटलं जमलं! मी खुर्ची पुसून दिली.

ते म्हणाले, "तुमी आन ज्योतीराम एका शाळंतले ना? पाडव्यापासनं समदं त्याच्या हातात द्यायचं म्हंतोय. तुमी जवळचे, म्हून इचारतो. मानूस कसा हाय?"

ताई, 'डोळे झाकून द्या' एवढंच म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. बाबा गेले तेव्हा आपण सगळे गावी होतो आणि घराची किल्ली महिनाभर त्याच्याकडे होती. हे मला तेव्हाही आठवलं. आठवलं नाही असं म्हणणार नाही.

मी खिडकीतून वाकलो आणि ओरडलो, "इब्राहिमभाई, दोन चहा सांगा!"

मग मी विचारलं, यंदा परतीच्या पावसाने विटा भिजल्या का? रंगराव माझ्याकडे बघत राहिले. बशीतून चहा प्यायले. "बरं," म्हणाले. जिन्यात वळून म्हणाले, "तुमचा दर काय हाय वो?"

एक शब्दही मी ज्योतीरामविरुद्ध बोललो नाही. हे नीट लक्षात घे.

बुधवारी त्यांचा निरोप आला, पाडव्यापासून वह्या माझ्याकडे. मी आईला सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली. इब्राहिमभाईंनी मात्र पाना ठेवला आणि विचारलं, "काल ते कुणाची चौकशी करत होते?" मी म्हटलं, कुणाची नाही. "मग चहा एवढ्या मोठ्यानं का मागवलास?" मी वर निघून आलो.

काल संध्याकाळी ज्योतीराम आला. मला वाटलं भांडेल. मी तयारीही केली होती. तर तो दारातूनच म्हणतो, "राव, रंगराव तुझ्याकडे आले म्हणे! भारी झालं. कोळशाचं मात्र त्यांच्या थोरल्या मुलाला विचार, म्हाताऱ्याला आठवत नाही." असं कुणी कुणाला फुकट सांगतं का? मग बसला आणि हळूच म्हणाला, "निघोज्याच्या दोघांनी पण वह्या परत मागितल्या. काय चुकलं कळेना. रंगराव तुला काही बोलले का रे माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "चहा घेणार?"

तोंडातून तेच आलं, ताई. तो 'नको' म्हणाला. जाताना विचारलं, "भाऊबीजेला ताई येणार ना?" आणि तो जिना उतरत असताना मला वाईट वाटायच्या ऐवजी पुन्हा रागच आला, की एवढं होऊनही याचा चेहरा इतका सरळ कसा?

आता चिखलीला जाऊन 'डोळे झाकून द्या' म्हणालो, तर रंगराव विचारतील, मग त्या दिवशी चहा का सांगितलात? ते काम जाईल, हिंदुरावांच्या कानावर जाईल, आणि हा एवढा मोठा बोर्ड काढून ठेवावा लागेल. गेलो नाही, तर ज्योतीरामचं नाव दुकानादुकानांतून असंच फिरत राहील, आणि कुणी त्याला कारण सांगणार नाही. भाऊबीजेला तू आम्हा दोघांना शेजारी पाटावर बसवशील, आणि तो मोठा म्हणून आधी त्याला ओवाळशील.

आईला यातलं काही माहीत नाही. दाजींना दाखवू नकोस. तू दोघांनाही लहानपणापासून ओळखतेस, म्हणून तुलाच विचारतो, आणि भाऊबीजेच्या आधी उत्तर पाठव: मी तर फक्त चहा सांगितला, मग मी खोटं बोललो का गं?

तुझा सख्खा भाऊ,
सयाजी