बोगद्याच्या निविदेतील दरफुटी व एक घरगुती दाखला

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
जलविद्युत बांधकाम मंडळ.

विषय : निविदेतील दर फुटल्याबाबत, पुढील स्पर्धा निकोप करण्याबाबत व अर्जदाराच्या पत्नीस दाखला मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या दालनातील लिफाफे उघडण्याची बैठक.

महोदय,

१. अर्जदार हा बोगदे खोदणारा जुना ठेकेदार असून सुरुंगांच्या आवाजात आयुष्य गेल्याने त्यास फारच कमी ऐकू येते. सदर बोगद्यासाठी त्याने निविदा भरली होती. काम मात्र त्याच्या मेहुण्याला गेले, आणि मेहुण्याचा दर अर्जदाराच्या दरापेक्षा केसभरच कमी निघाला. इतका नेमका दर अंदाजाने येत नाही. शिवाय लग्नकार्यातही पाणी न विचारणाऱ्या या मेहुण्याने बैठकीत अर्जदारास आपणहून खुर्ची दिली, हे काळेबेरे नाही तर काय?

२. अर्जदाराचा पहिला संशय आपल्या शिपायावर होता, कारण त्याने लिफाफा घेताना तो उन्हात धरून पाहिला. त्यानंतर टंकलेखकावर, कारण तो अर्जदाराकडे पाहून हसला. परंतु दर अर्जदाराने फक्त आपल्या मुकादमास, घराच्या ओट्यावर, अगदी कानात सांगितला होता. मुकादमही त्याच सुरुंगांतला असल्याने त्याने खात्रीसाठी दर दोनदा परत म्हणून दाखवला. त्या वेळी पत्नी आत भांडी लावत होती. पत्नी ही मेहुण्याची सख्खी बहीण. बैठकीनंतर हे आठवताच पाणी कुठे मुरते ते अर्जदारास कळले व त्याने पत्नीशी अबोला धरला. ती पिशवी घेऊन थोरल्या बहिणीकडे निघून गेली. भावाकडे गेली नाही, हेही अर्जदारास संशयास्पदच वाटले.

३. काल समोरच्या शिंप्याने खडूने कापडावर लिहून दाखवले : "काका, तुमचा दर मलाही पाठ आहे. तुम्ही दोघं कानात बोलत होता तेव्हा इस्त्रीवाल्यानं इस्त्री थांबवली. तुमचा मेहुणा कोपऱ्यावर स्कूटर लावून उभा होता." शिंप्याला बोगद्याच्या दराशी काय देणेघेणे, याची चौकशी व्हावी. तथापि तेव्हापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही. घर खायला उठते.

४. सबब विनंती की,
(अ) निविदा पुन्हा मागवावी व प्रत्येकाने दर आपल्या दालनातील टेबलाशी बसून, मुकाट्याने लिहून, तिथेच पेटीत टाकावा.
(आ) स्पर्धकांनी आपसांतील सोयरीक आधी जाहीर करावी. सुरुवात अर्जदारापासून करावी.
(इ) "दर फुटण्यात पत्नीचा हात नाही" असा सहीशिक्क्याचा दाखला मिळावा.
(अ) व (आ) शक्य नसल्यास काम खुशाल मेहुण्याकडे राहू द्यावे. (इ) मात्र टाळू नये.

५. अर्जदार माफी मागण्यास स्वतः निघाला होता. तोच पत्नीची चिठ्ठी आली : "तोंडी माफी मागायला येऊ नका, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. लेखी आणा."

आपला नम्र व कानाने अधू,
(सही)
बोगद्याचा ठेकेदार

दिनांक : बैठकीनंतरचा सोमवार
सोबत : शिंप्याचा खडूचा जबाब, कापडासह. कापड गिऱ्हाइकाचे असल्याने परत मिळावे.